‘टू एमबी’ म्हणजे नक्की किती? टेलिकॉम लाइनींच्या वेगाचा हिशेब

समजा, तुमच्या पतसंस्थेच्या दोन शाखा एकमेकींना जोडायच्या आहेत. त्यासाठी चार ठिकाणांहून दरपत्रकं मागवली. पहिल्यात लिहिलंय ‘५ ई-१’. दुसऱ्यात ‘१० एमबीपीएस, इथरनेट पोर्ट’. तिसऱ्याच्या माहितीपत्रकात ‘डाउनलोड १.२५ एमबी प्रति सेकंद’. चौथ्यानं जुन्या पद्धतीनं ‘६४ के चे १६० स्लॉट’ असं मांडलंय. नुसते आकडे पाहिले तर ५, १०, सव्वा आणि १६०. संचालक मंडळाच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणणार, की १६० वाला सगळ्यात जास्त देतोय. प्रत्यक्षात हे चौघंही जवळजवळ एकच वस्तू विकतायत.

हा गोंधळ टाळायला इंजिनिअर असावं लागत नाही. शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो. मात्र गुणायचं कशाला आणि भागायचं कशानं, हे आधी ठाऊक हवं. लाइनचा करार काही वर्षांसाठी होतो. सुरुवातीचा आकडा चुकला तर एकतर दर महिन्याला नको असलेल्या क्षमतेचे पैसे जातात, नाहीतर ऐन गर्दीच्या वेळी रुग्णालयाचा फोन लागत नाही. म्हणून लाइनचं बिल भरणाऱ्या प्रत्येक संस्थेत निदान एका माणसाला हा हिशेब स्वतः करता यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

सगळा हिशेब तीन प्रश्नांवर उभा आहे. आकडा बिटमध्ये आहे की बाइटमध्ये? किलो, मेगा म्हणजे हजाराच्या पटीत की १,०२४ च्या? आणि सांगितलेला वेग तारेवरचा आहे, की तारेतून जाणाऱ्या आपल्या मालाचा? या तिन्हींची उत्तरं मिळाली की कुठल्याही लाइनची कुठल्याही लाइनशी तुलना करता येते.

सगळ्याच्या मुळाशी ६४

टेलिफोनवरचा आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ इतक्या पट्ट्यात बसवलेला असतो. थोडी मोकळी जागा धरून ही मर्यादा ४,००० हर्ट्झ मानतात. आवाज आकड्यांत बदलायचा तर त्याच्या सर्वांत उंच कंपनाच्या निदान दुपटीनं नमुने घ्यावे लागतात, म्हणजे सेकंदाला ८,०००. प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला, की ८,००० × ८ = ६४,००० बिट प्रति सेकंद. हाच तो ६४ केबीपीएस. आवाजाचे असे नमुने घेऊन ते आकड्यांत पाठवण्याची पल्स कोड मॉड्युलेशनची पद्धत ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांनी पॅरिसमध्ये काम करताना शोधली. १९३८ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं.

एका फोनकॉलसाठी ठरलेला हा आकडा पुढे डेटाच्या जगानंही उचलला. आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस होता, म्हणजे ६४ ची चौपट. २०१३ साली तो ५१२ झाला, म्हणजे आठपट. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएसवर नेली गेली. आजही अनेक मोबाइल योजनांत दिवसाचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. तो इतका रडत का चालतो, हे पडताळून बघा. ६४,००० भागिले ८, म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. २० लाख बाइटचा, म्हणजे २ एमबीचा एक फोटो पाठवायला २५० सेकंद लागतात. चार मिनिटं दहा सेकंद.

ई-१ आणि टी-१ आतून

एका तारेवर एकच कॉल नेणं परवडत नाही, म्हणून अनेक कॉल एकत्र गुंफले गेले. १९६२ साली अमेरिकेत बेल कंपनीनं २४ कॉलची टी-१ लाइन सुरू केली. युरोपीय देशांनी पुढे ३० कॉलची ई-१ पद्धत ठरवली. भारतानं युरोपीय पद्धत घेतली, उत्तर अमेरिका आणि जपान २४ वर राहिले. म्हणून पुण्यातल्या कॉल सेंटरचा अमेरिकेतल्या कार्यालयाशी टेलिफोन लाइनींचा व्यवहार आला, की हा हिशेब हमखास समोर येतो.

ई-१ डोळ्यांसमोर आणायची तर ३२ डब्यांची गाडी आणा. प्रत्येक डब्यात ८ बिट, आणि अशा ८,००० गाड्या दर सेकंदाला सुटतात. ३२ × ८ = २५६ बिट, त्याला ८,००० नं गुणलं की २०,४८,००० बिट प्रति सेकंद, म्हणजे २.०४८ एमबीपीएस. टेलिफोन खात्यातली माणसं जिला ‘टू एमबी स्ट्रीम’ म्हणतात ती हीच. या गाडीला फ्रेम आणि डब्यांना टाइम स्लॉट म्हणतात. स्लॉट ० ते ३१ असे मोजतात. शून्य क्रमांकाचा स्लॉट गाडी कुठे सुरू होते हे ओळखण्यासाठी राखीव असतो. टेलिफोनच्या वापरात १६ क्रमांकाचा स्लॉट नंबर फिरवणं, घंटी, कॉल तोडणं अशा निरोपांसाठी जातो. उरले ३०. म्हणून पीआरआय, म्हणजे कार्यालयाच्या टेलिफोन यंत्रणेला जोडायची ई-१ लाइन, घेतली की ३० चॅनेल मिळतात.

टी-१ चा हिशेब थोडा वेगळा आहे. २४ स्लॉट × ८ = १९२ बिट आणि ओळखीसाठी वर फक्त १ बिट, असे १९३. त्याला ८,००० नं गुणलं की १.५४४ एमबीपीएस. निरोपांसाठी इथे स्वतंत्र स्लॉट नव्हता. जुन्या टी-१ मध्ये दर सहाव्या फ्रेममध्ये प्रत्येक कॉलचा शेवटचा बिट निरोपांसाठी उसना घेत. आवाजात हा फरक कानाला कळत नाही, पण डेटामध्ये एक बिट बदलला तरी माल खराब होतो. म्हणून अशा लाइनीवर डेटासाठी आठातले सातच बिट वापरत आणि एका चॅनेलचा वेग ६४ ऐवजी ५६ केबीपीएस धरत. अमेरिकेतल्या जुन्या कागदपत्रांत ५६ के दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

आता हे आकडे शेजारी मांडून ठेवा, पुढे ते सतत लागतील.

ई-१: तारेवर २.०४८, फ्रेमची ओळख वजा जाता डेटासाठी १.९८४ (३१ स्लॉट), आवाजासाठी १.९२० एमबीपीएस (३० स्लॉट).

टी-१: तारेवर १.५४४, मालासाठी १.५३६, ५६ के चा जुना प्रकार असेल तर १.३४४ एमबीपीएस.

कॉलच्या भाषेत: ४ ई-१ = ५ टी-१ = १२० कॉल.

शेवटची ओळ पाठच करा. मात्र कॉलची संख्या जुळली म्हणून काम संपत नाही. आवाजाचा नमुना ८ बिटांत बसवण्याची उत्तर अमेरिकेची रीत म्यू-लॉ, आपली ए-लॉ. दोन देशांमधल्या जोडणीत ए-लॉ चालवायचा आणि रूपांतराची जबाबदारी म्यू-लॉ वापरणाऱ्या देशाची, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा नियम आहे. नवी जोडणी झाल्यावर आवाज खरखरीत, फाटल्यासारखा येत असेल तर वेगाचे आकडे पुन्हा मोजण्याआधी दोन्ही टोकांना हीच सेटिंग तपासा.

वरच्या पायऱ्या

छोट्या लाइनी एकत्र करून मोठ्या बनतात. नेहमी लागणारे आकडे असे आहेत, सर्व एमबीपीएसमध्ये.

ई-१: २.०४८
ई-२ (४ ई-१): ८.४४८
ई-३ (१६ ई-१): ३४.३६८
ई-४ (६४ ई-१): १३९.२६४
टी-१: १.५४४
टी-२ (४ टी-१): ६.३१२
टी-३ किंवा डीएस-३ (२८ टी-१): ४४.७३६
एसटीएम-१ किंवा ओसी-३: १५५.५२
एसटीएम-४ किंवा ओसी-१२: ६२२.०८
एसटीएम-१६ किंवा ओसी-४८: २,४८८.३२
एसटीएम-६४ किंवा ओसी-१९२: ९,९५३.२८

यात एक गोष्ट लगेच खटकायला हवी. २.०४८ ची चौपट ८.१९२ होते, पण ई-२ आहे ८.४४८. हा वरचा भाग गेला कुठे? जुन्या पद्धतीत प्रत्येक लाइनचं घड्याळ किंचित वेगळं चालायचं. कुणी सेकंदाला दोन-चार बिट जास्त पाठवी, कुणी कमी. त्यांची मोट बांधायची तर मधे भरतीचे बिट घालावे लागत आणि कुठे घातले त्याची नोंदही ठेवावी लागे. म्हणून ‘ई’ आणि ‘टी’च्या पायऱ्यांवर नुसता गुणाकार चालत नाही, यादीतला आकडाच घ्यावा लागतो.

नंतर आलेल्या एसटीएमच्या पायऱ्यांवर मात्र गुणाकार काटेकोर बसतो. १५५.५२ ची चौपट बरोबर ६२२.०८. तिथे सगळं जाळं एकाच घड्याळाला बांधलेलं असतं. एसटीएम-१ ची एक फ्रेम म्हणजे ९ ओळी आणि २७० स्तंभांचा बाइटांचा तक्ता, एकूण २,४३० बाइट. तीही सेकंदाला ८,००० वेळा जाते. म्हणजे फ्रेममधला प्रत्येक बाइट हा एक ६४ केबीपीएसचा रस्ताच आहे, आणि २,४३० × ६४,००० केलं की नेमके १५५.५२ एमबीपीएस येतात. यातला देखरेखीचा भाग वगळला की सलग एकाच डेटासाठी २,३४० बाइट उरतात. तो वेग १४९.७६ एमबीपीएस.

एसटीएम-१ मध्ये ७५ नाही, ६३

आता नेहमीची चूक बघा. १५५.५२ भागिले २.०४८ केलं की ७५.९ येतात. त्यावरून एसटीएम-१ घेतली की ७५ ई-१ चालतील, असा अंदाज बांधला जातो. चालतात ६३. प्रत्येक ई-१ ला स्वतःचं वेष्टन असतं, तिचं ठिकाण दाखवणारा निर्देश असतो, आणि तीन-तीनच्या, मग सातच्या, मग पुन्हा तीनच्या गटांत त्या रचल्या जातात. ३ × ७ × ३ = ६३. या रचनेचा फायदा असा, की मधल्या कुठल्याही गावात एकच ई-१ उतरवून घेता येते, बाकीची गाडी उसकटावी लागत नाही. उरलेल्या जागेचे पैसे आपण या सोयीसाठी मोजत असतो.

याच जातीचा, पण जास्त बोधक प्रश्न म्हणजे एका टी-३ च्या बदल्यात ई-१ किती लागतील? अमेरिकेतल्या कार्यालयात टी-३ आहे, तेवढीच क्षमता इकडे ई-१ मध्ये मागायची आहे, असं धरा. उत्तरं तीन येतात आणि तिन्ही बरोबर आहेत.

कॉल मोजायचे असतील तर टी-३ मध्ये २८ × २४ = ६७२ कॉल. भागिले ३०, उत्तर २२.४. लाइन अर्धी मिळत नाही, म्हणून २३ घ्याव्या लागतील.

डेटा मोजायचा असेल तर टी-३ च्या दर ८५ बिटांमधला १ बिट व्यवस्थेचा असतो. उरतात सुमारे ४४.२१ एमबीपीएस. फ्रेम असलेल्या ई-१ मध्ये १.९८४ मिळतात. भागाकार २२.३, म्हणजे इथेही २३. फ्रेम न लावता अख्खी २.०४८ वापरता आली, तर २२ मध्ये भागतं.

एसटीएम-१ मधली जागा मोजायची असेल तर टी-३ एसटीएम-१ चा एक तृतीयांश भाग व्यापते. त्याच भागात ई-१ बसतात २१. म्हणजे २३ ई-१ मागितल्या तर एक तृतीयांश पुरणार नाही, दुसऱ्या एक तृतीयांशातल्याही दोन ई-१ च्या जागा अडतील.

म्हणून ‘याच्या बरोबरीचं काय?’ असं मोघम विचारू नका. कॉलच्या बरोबरीचं, डेटाच्या बरोबरीचं की जागेच्या बरोबरीचं, ते आधी ठरवा आणि मग भागाकाराला हात घाला. भागाकार अपूर्णांकात आला तर नेहमी वरच्या पूर्णांकावर जा.

ई-३ बद्दलही सावध राहा. एसटीएम-१ मध्ये ई-३ ला टी-३ इतकीच जागा द्यावी लागते. १६ ई-१ एका ई-३ मध्ये बांधून पाठवल्या तर एसटीएम-१ मध्ये तीनच ई-३, म्हणजे ४८ ई-१ जातात. त्याच ई-१ सुट्या घातल्या तर ६३. जुनी उपकरणं तशीच पुढे जोडण्याच्या नादात १५ ई-१ ची जागा वाया जाऊ शकते.

बिट, बाइट, हजार आणि एक हजार चोवीस

लाइनीचा वेग नेहमी बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. एक बाइट म्हणजे ८ बिट. इंग्रजीत लिहिताना लहान ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठं ‘बी’ म्हणजे बाइट, असा संकेत आहे. दरपत्रक टाइप करणारा तो पाळेलच याची खात्री नसते. शंका आली तर लेखी विचारा, कारण इथली चूक थेट आठपटीची असते.

दुसरा फरक त्यामानानं छोटा, पण चिवट आहे. टेलिकॉममध्ये किलो म्हणजे १,०००, मेगा म्हणजे १० लाख आणि गिगा म्हणजे १०० कोटी. ई-१ चा २.०४८ हा आकडा बघून काही जण तिथे १,०२४ चा हिशेब शोधतात, तो तिथे नाही. ते निव्वळ ३२ × ६४ आहे. संगणकाच्या जगात मात्र फाइलींचा आकार १,०२४ च्या पटीत दाखवण्याची सवय आहे. विंडोजमध्ये ‘१ जीबी’ दिसतं तेव्हा ते १,०७,३७,४१,८२४ बाइट असतात. म्हणूनच १ टीबी लिहिलेली डिस्क संगणकाला लावली की ९३१ जीबी दिसते. या दोन रीती वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून १९९८ साली किबी, मेबी, गिबी अशी स्वतंत्र एककं ठरवली गेली, पण दुकानात आणि दरपत्रकात ती क्वचितच दिसतात.

आता सुरुवातीची चार दरपत्रकं एका रांगेत आणता येतील. १.२५ एमबी प्रति सेकंद × ८ = १० एमबीपीएस. १६० × ६४ के = १०.२४. ५ ई-१ म्हणजे तारेवर १०.२४ आणि फ्रेम धरली तर डेटासाठी ९.९२. इथरनेटवाल्याचे १० ते १०. चौघांतला फरक तीन-चार टक्क्यांचा. निवड आता किंमत, सेवेची हमी आणि दुरुस्तीला लागणारा वेळ यांवर करायची.

रात्रीचा बॅकअप किती वाजता संपेल?

हिशेब हातात बसण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. शाखेतून मुख्य कार्यालयात रोज रात्री १० जीबीचा बॅकअप जातो, लाइन १० एमबीपीएसची आहे.

पहिला अंदाज: १० जीबी म्हणजे १,००० कोटी बाइट, म्हणजे ८,००० कोटी बिट. भागिले १ कोटी बिट प्रति सेकंद, उत्तर ८,००० सेकंद. २ तास १३ मिनिटं.

दुरुस्ती पहिली: फाइलचा आकार विंडोजमध्ये पाहिला आहे. मग १० जीबी म्हणजे सुमारे १,०७३.७ कोटी बाइट. वेळ सुमारे ८,५९० सेकंद, २ तास २३ मिनिटं.

दुरुस्ती दुसरी: फाइल तारेवरून तशीच जात नाही, पाकिटांतून जाते. इथरनेटच्या एका पूर्ण पाकिटात १,५०० बाइट बसतात. त्यातले ४० पत्त्याचे आणि पोचपावतीच्या व्यवस्थेचे, आपला माल १,४६०. पाकिटाचं स्वतःचं वेष्टन १८ बाइट. पाकिटाआधीचा इशारा ८ आणि दोन पाकिटांमधलं सक्तीचं अंतर १२. तारेवर एकूण १,५३८ बाइटांची जागा अडते आणि आपले त्यातले १,४६०, म्हणजे सुमारे ९५ टक्के. वेळ जातो २ तास ३१ मिनिटांवर.

पहिल्या अंदाजापेक्षा १८ मिनिटं जास्त लागली, आणि लाइनमध्ये काहीही बिघाड नाही. १०० एमबीपीएसच्या लाइनीवर चाचणीत ९४-९५ दिसले तर तक्रार करू नका, तो पूर्ण वेग आहे. ८० दिसले तर मात्र विचारणा करा.

लांबच्या जोडणीत आणखी एक अडसर असतो, तो एककं बदलून सुटत नाही. पाठवणारा संगणक पोचपावती येण्याआधी ठराविक डेटाच पुढे सोडतो. जुन्या उपकरणांत ही मर्यादा ६५,५३५ बाइटची असे. भारत ते अमेरिका जाऊन-येऊन ०.२ सेकंद लागत असतील, तर एका जोडणीचा वेग ५,२४,२८० बिट भागिले ०.२, म्हणजे सुमारे २.६ एमबीपीएसच्या वर जाणारच नाही, मग लाइन एसटीएम-१ असो की आणखी मोठी. अशा वेळी लाइन वाढवण्याआधी ही सेटिंग वाढवा.

पीआरआय काढून सिप घेताना

सध्या अनेक संस्था पीआरआयवरून सिप ट्रंकवर, म्हणजे कॉल डेटाच्या पाकिटांतून नेणाऱ्या जोडणीवर, जातायत आणि नेमक्या इथेच फसतात. पीआरआय २ एमबीची होती, त्यात ३० कॉल चालत होते. मग नवी लाइनही २ एमबीपीएस पुरेल, असं मानलं जातं. गणित करून बघा.

जी.७११ पद्धतीत आवाज ६४ केबीपीएसच असतो, पण तो दर २० मिलिसेकंदांनी एका पाकिटात घातला जातो. पाकिटात आवाज १६० बाइट, त्यावर पत्ता आणि क्रम यांचे ४०, इथरनेटचं वेष्टन १८. एकूण २१८ बाइट, सेकंदाला ५० पाकिटं. २१८ × ८ × ५० = ८७,२०० बिट. एक कॉल म्हणजे ८७.२ केबीपीएस, आणि तेही प्रत्येक दिशेला.

३० कॉलना २.६१६ एमबीपीएस लागतात. २ एमबीपीएसमध्ये जेमतेम २२ कॉल बसतात. तेविसावा कॉल लागतो तेव्हा एकट्या तेविसाव्याचा आवाज बिघडत नाही, सगळ्यांचाच तुटायला लागतो. पाकिटं कुणाची गळतील याला काही धरबंध नसतो. जी.७२९ वापरली तर आवाज ८ केबीपीएसवर येतो, वेष्टनासकट एक कॉल ३१.२ केबीपीएसचा होतो आणि ३० कॉल १ एमबीपीएसच्या आत मावतात. आवाजाचा दर्जा थोडा उतरतो, फॅक्स त्यावरून धडपणे जात नाही. रुग्णालय किंवा तातडीची सेवा असेल तर जी.७११ ठेवा, लाइन ४ एमबीपीएसची घ्या, आणि फोनच्या पाकिटांना इतर डेटाच्या आधी वाट मिळेल अशी प्राधान्याची सेटिंग करून मागा.

इथरनेट आणि फायबरच्या पलीकडचे आकडे

आता बहुतेक जोडण्या इथरनेट पोर्टवर मिळतात, पण पाठीमागे कित्येक ठिकाणी एसटीएमचंच जाळं असतं. १० एमबीपीएसचं इथरनेट त्यात बसवायला ई-१ च्या आकाराचे ५ कप्पे लागतात. प्रत्येकात २.१७६ एमबीपीएस मावतात, एकूण १०.८८. १०० एमबीपीएसला असे ४६ कप्पे लागतात. कमी कप्पे दिले असतील तर पोर्टवरचा दिवा १०० दाखवेल आणि वेग ४० चा मिळेल. पोर्टचा वेग आणि सेवेचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घराघरांत आलेल्या जीपॉन फायबरमध्येही जुनाच आकडा भेटतो. खाली येणारा वेग २,४८८.३२ एमबीपीएस, म्हणजे एसटीएम-१६ एवढा. वर जाणारा त्याच्या निम्मा. हा वेग एका घराचा नसून एका फायबरवरच्या सगळ्यांचा असतो. ६४ ग्राहकांत वाटला आणि सगळ्यांनी एकाच वेळी पूर्ण जोर लावला, तर सरळ भागाकारानं प्रत्येकी ३८.८८ एमबीपीएस येतात. असं क्वचित घडतं, म्हणून घरगुती जोडणी स्वस्त देता येते. संस्थेसाठी घेताना मात्र लाइन वाटून आहे की स्वतंत्र, हे विचारायलाच हवं.

आणखी वरच्या टप्प्यावर १० गिगाबिट इथरनेट आणि एसटीएम-६४ यांना एकच समजू नका. एसटीएम-६४ तारेवर ९.९५३ गिगाबिट, मालासाठी सुमारे ९.५८. पूर्ण १० गिगाबिट इथरनेट त्यात मावत नाही.

दरपत्रक हातात आल्यावर

एका कागदावर पुढच्या गोष्टी क्रमानं करा.

१. प्रत्येक आकडा बिट प्रति सेकंदमध्ये आणा. बाइट असेल तर ८ नं गुणा. ई, टी, एसटीएम असेल तर वरच्या यादीतला आकडा घ्या.

२. त्याच्या शेजारी मालाचा वेग लिहा. ई-१ साठी १.९८४, एसटीएम-१ साठी १४९.७६, इथरनेटवर मोठ्या फाइलींसाठी ९५ टक्के.

३. आवाज न्यायचा असेल तर कॉलची संख्या वेगळी काढा. जी.७११ असेल तर कॉलमागे ८७.२ केबीपीएस धरा.

४. जाणारा आणि येणारा वेग सारखाच आहे का, ते विचारा. बॅकअपला जाणारा वेग लागतो आणि जाहिरातीत येणारा छापलेला असतो.

५. लाइन स्वतंत्र आहे, म्हणजे १:१, की वाटून? वाटून असेल तर किती जणांत?

६. लाइन सुरू झाल्यावर वाय-फायवरून चाचणी घेऊ नका. तार लावून, दोन्ही दिशांनी, कामाच्या गर्दीच्या वेळी आणि काही मिनिटं सलग घ्या. आकडे तारखेसह जपून ठेवा.

आणि शक्य असेल तर दरपत्रक मागवतानाच मागणी अशी लिहा: ‘दोन्ही दिशांना प्रत्येकी प्रति सेकंद १ कोटी बिट, इथरनेट फ्रेमच्या पातळीवर मोजलेला, १:१ स्वतंत्र वेग.’ या एका वाक्यात बिट-बाइटचा, हजार-चोवीसचा आणि तार-मालाचा असे तिन्ही प्रश्न आधीच सुटतात. त्यानंतर येणारी दरपत्रकं किती एमबीची आहेत हे कुणाला विचारावं लागणार नाही. फक्त किंमत बघायची आणि लाइन पडली तर किती तासांत दुरुस्त करणार, याची लेखी हमी मागायची.